नॅस क्रॅश झालाय? आधी सगळं वाचून घ्या, दुरुस्ती नंतर

वाचकाचं पत्र (थोडं छोटं करून):

"दादा, घरी चार डिस्कचा नॅस (घरच्या नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणारा फाइल साठवायचा डबा) आहे, प्रत्येक डिस्क ४ टीबी, रेड ५ (एक डिस्क गेली तरी डेटा टिकेल अशी जोडणी). दीडेक महिन्यापूर्वी डिस्क ३ खराब दाखवायला लागली, पण सगळं उघडत होतं म्हणून तसंच वापरत राहिलो, नवे फोटोही टाकत होतो. परवा नवीन डिस्क घातली, रिबिल्ड (हरवलेला भाग नव्या डिस्कवर परत भरणं) ६० टक्क्यांपर्यंत गेलं आणि डिस्क १ पण लाल झाली. आता व्हॉल्यूम क्रॅश्ड असं येतंय, एकही फोल्डर उघडत नाही. आत मुलांचे जन्मापासूनचे फोटो आहेत, बाबा जायच्या आधी त्यांच्याशी मारलेल्या गप्पांची रेकॉर्डिंग आहेत, भावाच्या दुकानाचे हिशोब आहेत. मावसभाऊ म्हणतो सगळ्या डिस्क त्याच क्रमाने ठेवून नवीन रेड बनव, डेटा आपोआप दिसेल. नवरा म्हणतो ऑनलाइन एखादं रिकव्हरी सॉफ्टवेअर घेऊन टाकू. मशीन अजून चालूच आहे, सारखं बीप करतंय. आणि मुलाने त्याआधी एक फोल्डर चुकून डिलीट केलं होतं, ते पण मिळेल का? काय करू?"

ताई, सगळ्यात आधी ते मशीन बंद करा. वायर ओढू नका, सेटिंगमधून शटडाउन द्या, तिथून होत नसेल तर मशीनच्या समोरच्या बाजूचं बटण दाबून नीट बंद होऊ द्या. उरलेलं पत्र त्यानंतर वाचा, मी थांबतो. कारण ते चालू आहे तोवर आतल्या डिस्क फिरतायत, नॅस स्वतःच्या सिस्टिमच्या नोंदी लिहितोय, एखादी मरायला टेकलेली डिस्क पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करतोय, आणि यातल्या कशाचाच तुम्हाला फायदा नाही.

आणि मावसभावाने सांगितलेलं अजिबात करू नका, त्याचा हेतू चांगला आहे पण हाच एक सल्ला आहे जो परत मिळण्यासारखा डेटा कायमचा घालवू शकतो. नवीन रेड बनवलं की नॅस आधी प्रत्येक डिस्कवरची जुनी नोंद पुसून नवीन लिहितो (कुठली डिस्क कितव्या जागेवर, तुकड्याचा साइज किती, डेटा कुठून सुरू होतो, हे सगळं त्या नोंदीत असतं), मग पॅरिटी (हरवलेला भाग परत काढता यावा म्हणून ठेवलेला हिशोब) नव्याने मोजून लिहायला घेतो आणि वर नवीन फाइल सिस्टिम (कुठली फाइल कुठे आहे याची मांडणी) पण फॉरमॅट करून देतो. म्हणजे तीन वेळा वरून लिहिणं. त्याने जे ऐकलंय त्याला आधार आहे, लिनक्समध्ये (नॅसच्या आत बहुतेक वेळा हीच ऑपरेटिंग सिस्टिम असते) पॅरिटीला हात न लावता रेड पुन्हा घोषित करायची एक पद्धत असते आणि जाणकार लोक अगदी शेवटचा उपाय म्हणून ती वापरतातही, पण ते लोक ती मूळ डिस्कवर कधीच करत नाहीत, कॉपीवर करतात. नॅसच्या स्क्रीनवर क्रिएट म्हणून जे बटण आहे ते ती पद्धत नव्हे. रिपेअर, इनिशियलाइज, रीइन्स्टॉल असं काही विचारलं तरी सध्या उत्तर नाही हेच.

आता नेमकं काय झालंय ते सांगतो, कारण ते कळलं की आशा कुठे आहे तेही दिसेल. रेड ५ मध्ये प्रत्येक ओळीत तीन डिस्कवर डेटा असतो आणि चौथीवर त्यांची पॅरिटी, आणि ही पॅरिटीची जागा ओळीगणिक फिरत असते. समजा तीन खणांत ४, ७ आणि २ लिहिलेत आणि चौथ्यात बेरीज १३, तर कुठलाही एक खण हरवला तरी बाकीच्या तिघांवरून तो काढता येतो, पण दोन हरवले की नाही येत (खरं गणित बेरजेचं नसून एक्सॉरचं असतं पण मुद्दा तोच). तुमची डिस्क ३ गेली तेव्हा एक खण हरवला, तरीही सगळं उघडत होतं कारण नॅस दर वेळी गणित करून ३ चा भाग काढून देत होता. तुम्ही नवीन डिस्क घातली तेव्हा त्याने १, २ आणि ४ या तिन्ही डिस्क पहिल्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटासा कप्पा) शेवटपर्यंत वाचायला घेतल्या, आणि इथेच घात होतो. रोजच्या वापरात कधी न वाचलेले कोपरे, चार वर्षांपूर्वी टाकून विसरलेले फोटो जिथे बसलेत ते, ते पहिल्यांदाच वाचले जातात आणि तिथला एखादा सेक्टर गुपचूप खराब झालेला असतो. घरगुती डिस्कच्या माहितीपत्रकात साधारण १० चा १४ वा घात इतक्या बिट वाचल्यावर एखादी वाचता न येणारी चूक होऊ शकते असं लिहिलेलं असतं, म्हणजे १२.५ टीबी, आणि तुमच्या रिबिल्डला वाचायचे होते १२ टीबी. प्रत्यक्षात डिस्क त्यापेक्षा बऱ्यापैकी चांगल्या चालतात, त्यामुळे त्या आकड्याला फार घाबरायचं नाही, पण दुसरी डिस्क नेमकी रिबिल्डच्या वेळीच का गेली याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

म्हणजे डिस्क १ पूर्ण मेलीच आहे असं नाही, आणि ही मला सगळ्यात मोठी आशा वाटते. बऱ्याचदा एवढंच होतं की काही सेक्टर वाचता आले नाहीत, डिस्क ते वाचायचा प्रयत्न करत अडकून बसली, नॅसने ठरावीक वेळ वाट पाहिली आणि उत्तर नाही म्हणून तिला बाहेर काढलं. नॅससाठीच्या डिस्क साधारण ७ सेकंदांत हार मानतात, पण साध्या डेस्कटॉपच्या डिस्क मिनिट दोन मिनिटं पण घुटमळतात, आणि लिनक्सची वाट पाहायची नेहमीची मर्यादा ३० सेकंद असते, त्यामुळे ९९ टक्क्यांहून जास्त धडधाकट असलेली डिस्क पण मेलेली म्हणून जाहीर होते.

दुसरी गोष्ट, तुम्ही चार डिस्क म्हणताय पण तुमच्या हातात पाच आहेत. जुनी काढलेली डिस्क ३ कुठे आहे? कचऱ्यात गेली नसेल, कुणाला दिली नसेल तर आत्ता शोधून बाजूला ठेवा. ती दीड महिना मागे आहे हे खरं, त्यामुळे तिला घेऊन रेड उभं करायचं नाही, नवं आणि जुनं मिसळून फाइल सिस्टिमचा गोंधळ होईल. पण मुलांच्या जन्माचे फोटो जिथे आहेत त्या ओळींना या दीड महिन्यात कुणी हात लावलेला नसणार, म्हणजे त्या ओळींपुरती ती अजूनही बरोबर आहे, आणि डिस्क १ चा नेमका तोच सेक्टर गेला असेल तर २, ४ आणि जुनी ३ यांच्यावरून तो काढता येतो. तसंच नवीन घातलेली डिस्क ३. रिबिल्ड सुरुवातीपासून क्रमाने जातं, त्यामुळे तिचा पहिला ६० टक्के भाग भरलेला आहे आणि तो वापरता येतो. म्हणून तीही फॉरमॅट करून दुसऱ्या कामाला घेऊ नका, दुकानात परत देऊ नका. हे जोडकाम घरी बसून करण्यासारखं नाही, पण करणारे असतात आणि त्यांना पाचही डिस्क लागतात.

बंद झाल्यावर डिस्क बाहेर काढण्याआधी मोबाइलने फोटो काढा, मग प्रत्येकीवर कागदी चिकटपट्टी लावून जागेचा नंबर लिहा, लेबलवरचा सिरियल नंबर वहीत उतरवा. हे कंटाळवाणं वाटेल पण पुढे कॉपी करताना कुठल्या डिस्कवरून कुठल्या डिस्कवर हे ठरवायला सिरियल नंबरच कामाला येतो, उलट्या दिशेने कॉपी होऊन चांगली डिस्क रिकामी झाल्याचे प्रकार खरंच घडतात. याच कारणासाठी त्या दोन खाचांच्या डॉकवरचं (डिस्क खोचून कॉम्प्युटरला जोडायचा डबा) क्लोन बटण मला आवडत नाही, तिथे दिशा चुकली तर विचारणारं कोणी नसतं.

मग ठरवायचं की घरी करायचं की डेटा रिकव्हरीच्या लॅबला द्यायचं. माझा नियम साधा आहे, आवाजावरून ठरवा. कुठल्याही डिस्कमधून टक टक असा ठोका येत असेल, घासल्यासारखा आवाज येत असेल, फिरून परत थांबत असेल किंवा कॉम्प्युटरला तिचा साइजच चुकीचा दिसत असेल तर ती एकदाही परत चालू करू नका, सरळ लॅब. आत हेड (डिस्क वाचणारा भाग) खराब झालेलं असलं तर प्रत्येक मिनिटाला ते प्लेटवर ओरखडे काढतं आणि ओरखडलेला भाग कुठलीच लॅब परत आणू शकत नाही. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवा, हलके ठोका, उघडून बघा असले सल्ले मिळतील, त्यातला एकही ऐकू नका, फ्रीजरमधून काढल्यावर आत दव जमतं.

आवाज नसेल तर जरा शांतपणे पुढे जाता येतं. क्रॅश झाल्यावर नॅसच्या स्टोरेजच्या पानावर तुम्ही स्मार्टचे आकडे (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) पाहिले असतील किंवा स्क्रीनशॉट असेल तर त्यात ५, १९७, १९८ आणि १९९ नंबरच्या ओळी बघा. ५ म्हणजे बदली दिलेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आलेले आणि निर्णयाची वाट पाहणारे, १९८ म्हणजे दुरुस्त न होणारे. १९९ वेगळी आहे, ती केबल किंवा खाचेच्या कनेक्शनची चूक मोजते, आणि बाकी तीन शून्य असून फक्त १९९ वाढलेली दिसली तर मी खूश होईन कारण मग डिस्क कदाचित ठीकच आहे. पण हे बघायला म्हणून मशीन परत लावू नका, आणि स्मार्टची लांब टेस्ट तर मुळीच चालवू नका, ती अख्खी डिस्क वाचते आणि तुम्हाला हातात काहीच देत नाही. अख्खी डिस्क एकदाच वाचायची असेल तर ती कॉपी करण्यासाठी वाचायची.

हेच सगळ्यात महत्त्वाचं. मूळ डिस्कवर कुठलाही प्रयोग नाही, आधी प्रत्येकीची सेक्टर टू सेक्टर इमेज (जशीच्या तशी पूर्ण नक्कल). त्यासाठी लिनक्समधलं जीएनयू डीडीरेस्क्यू हे फुकट टूल आहे, आणि साध्या कॉपीपेक्षा ते चांगलं का, तर ते आधी सोपा भाग भराभर उचलतं, खराब जागा आली की तिथे अडून न बसता पुढे उडी मारतं, शेवटी सवडीने त्या खराब जागा परत वाचून बघतं, आणि हे सगळं मॅप फाइलमध्ये लिहून ठेवतं, त्यामुळे मध्येच थांबवलं तरी परत तिथूनच सुरू होतं. मॅप फाइल द्यायला विसरू नका, तिच्याशिवाय अर्धा फायदा जातो. कॉपी करताना एका वेळी एकच मूळ डिस्क जोडा. सगळ्या एकदम जोडल्या तर काही लिनक्स आपोआप रेड उभं करतात आणि अर्धवट राहिलेलं रिबिल्ड परत सुरू होऊ शकतं. विंडोजमध्ये जोडलीच चुकून, तर ते इनिशियलाइज करू का किंवा फॉरमॅट करू का विचारेल, कॅन्सल करा. ४ टीबीची चांगली डिस्क वाचायला सात आठ तास लागतात, खराब असलेली कितीही दिवस घेऊ शकते, आणि रिकाम्या जागेचा हिशोब आधीच करा, पाच डिस्कच्या इमेज म्हणजे २० टीबी आणि शिवाय बाहेर काढलेल्या फाइल ठेवायला वेगळी जागा. खर्च आहे, मान्य. एवढं शक्य नसेल तर निदान १, २ आणि ४ या तिघींची इमेज हवीच, आणि त्यातही १ ची सगळ्यात आधी, कारण तीच कधी साथ सोडेल सांगता येत नाही.

इमेज झाल्या की मूळ डिस्क कपाटात. मग पुढचं काम खरं तर सोपं पडतं, कारण सिनॉलॉजी काय, क्यूनॅप काय, बहुतेक घरगुती नॅसच्या आत लिनक्सचंच सॉफ्टवेअर रेड असतं, त्यावर बऱ्याचदा एलव्हीएमचा (जागेची वाटणी करणारा) थर आणि त्यावर एक्स्ट४ किंवा बीटीआरएफएस ही फाइल सिस्टिम. म्हणजे नॅसचा डबा नसला तरी साध्या कॉम्प्युटरवर हे वाचता येतं (क्यूनॅपच्या काही मशीनमध्ये एलव्हीएमचा थर कंपनीने स्वतः बदललेला असतो, तिथे साधं लिनक्स अडतं). एमडीएडीएम नावाच्या कमांडला एक्झामिन सांगितलं की प्रत्येक डिस्कची नोंद ती छापून देते, त्यात इव्हेंट काउंट नावाचा आकडा असतो, रेडमध्ये बदल झाला की तो वाढतो. २ आणि ४ चा आकडा सारखा असेल, १ चा थोडासा मागे, आणि जुन्या ३ चा खूप मागे. १ चा फरक थोडाच असेल तर १, २, ४ या तिघांच्या इमेजवरून असेम्बल, फोर्स आणि रीड-ओन्ली असं सांगून रेड उभं करता येतं. क्रिएट नाही, असेम्बल, हे दोन शब्द कृपा करून मिसळू नका. आणि तेसुद्धा थेट इमेजवर न करता ओव्हरले लावून, म्हणजे जे काही लिहिलं जाईल ते वेगळ्या फाइलमध्ये जातं आणि चुकलं तर ती फाइल टाकून परत सुरुवात.

इथे एक खाच आहे जी भल्याभल्यांना माहीत नसते. एक्स्ट४ रीड-ओन्ली माउंट केली (फक्त वाचायला उघडली) तरी ती स्वतःचा जर्नल (अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंद) आधी चालवते आणि डिस्कवर लिहिते, ते टाळायला नोलोड हा पर्याय द्यावा लागतो. बीटीआरएफएस असेल आणि माउंट होत नसेल तर तिचं रिस्टोर नावाचं टूल आहे, ते मूळ जागी काही न लिहिता फाइल दुसरीकडे काढून देतं. रिपेअरवालं टूल नको. एफएससीके (फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारं टूल) सुद्धा नको, निदान फाइल बाहेर येईपर्यंत, कारण अर्धवट रेडवर ते चालवलं की ते न पटणारी फोल्डर तोडून टाकतं आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच असतं. शेअर केलेलं फोल्डर एन्क्रिप्ट केलं होतं का तेही आठवा, केलं असेल तर पासवर्ड किंवा की फाइल आत्ताच शोधा, तिच्याशिवाय बाकी सगळं जमूनही काही हाती लागणार नाही.

फाइल दिसायला लागल्या की आधी बाबांची रेकॉर्डिंग काढा. मग फोटो, मग हिशोब. डाउनलोड केलेले सिनेमे वगैरे शेवटी. आणि काढलेल्या फाइल उघडून बघा, नुसती नावं दिसली म्हणून थांबू नका, ज्या फाइल डिस्क १ च्या खराब सेक्टरवर होत्या त्या अर्ध्या करड्या किंवा मध्येच तुटलेल्या निघतील.

नवऱ्याच्या प्रश्नाबद्दल, सॉफ्टवेअर वाईट नसतात, यूएफएस एक्सप्लोरर, आर-स्टुडिओ, रिक्लेमी ही रेड, एलव्हीएम वगैरे समजणारी नावाजलेली आहेत आणि काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करायची भीती वाटत असेल तर तोच मार्ग बरा. काय काय सापडलं ते बहुतेकांच्या चाचणी आवृत्तीतच दिसतं, त्यामुळे दिसल्याशिवाय पैसे भरू नका. पण तेही इमेजवरच चालवायचं, आणि काढलेल्या फाइल त्याच डिस्कवर कधीच सेव्ह करायच्या नाहीत. एका क्लिकमध्ये सगळं दुरुस्त म्हणणारं जे काही असेल ते सोडून द्या.

लॅबला द्यायचं ठरलं तर पाचही डिस्क नंबरासकट द्या, आणि आजवर जे जे केलंत ते सगळं क्रमाने लिहून द्या, रिबिल्ड, रीस्टार्ट, कुणी दाबलेलं बटण, काहीही लपवू नका, त्यावरूनच ते कुठून सुरुवात करायची ते ठरवतात. विचारायचं एवढंच, तपासणीचे पैसे वेगळे आहेत का, इमेजवर काम करता की मूळ डिस्कवर, पैसे भरायच्या आधी सापडलेल्या फाइलची यादी दाखवता का. डिस्क न बघताच फोनवर १०० टक्के मिळेल म्हणणाऱ्याकडे मी देणार नाही.

मुलाने उडवलेल्या फोल्डरचं. नॅसवर शेअरसाठी रिसायकल बिन चालू होतं का आणि स्नॅपशॉट (त्या त्या वेळच्या फाइलची गोठवलेली प्रत) घेतले जात होते का, यावर सगळं आहे. चालू असेल तर वरची फाइल सिस्टिम उघडली की ते फोल्डर तिथेच मिळेल. दोन्ही नसतील तर एक्स्ट४ फाइल डिलीट करताना तिचे तुकडे कुठे कुठे आहेत तो नकाशाच पुसते, त्यामुळे फोटोरेकसारख्या टूलने फक्त फोटोची ओळख पटवून उचलावं लागतं, नाव नाही, तारखेचं फोल्डर नाही, आणि नंतर इतके दिवस वापर झालाय म्हणजे बराचसा वरून लिहिला गेला असेल. त्याला मात्र काही बोलू नका, त्याच्यामुळे हे झालेलं नाही.

हे सगळं चालू असताना घरातल्यांना दुसऱ्या कामाला लावा. जुने मोबाइल, कॅमेऱ्याची कार्डं (त्यांच्यावर नवीन फोटो काढू नका), जुना लॅपटॉप, नातेवाइकांना मेलने किंवा व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं, फोनचा क्लाउड. बाबांचा आवाज ज्या फोनवर रेकॉर्ड झाला तो फोन घरात असेल तर तो आधी बघा. व्हॉट्सअॅपने फोटोचा दर्जा कमी केलेला असतो पण नसण्यापेक्षा तो बराच बरा. हिशोबांची एक प्रत भावाच्या अकाउंटंटकडे असण्याची शक्यता खूप आहे.

पुढे नवीन रेड उभं कराल तेव्हा महिन्याला एकदा स्क्रबिंग (सगळ्या डिस्क पूर्ण वाचून तपासणं) लावा म्हणजे ते गुपचूप खराब झालेले कोपरे आधीच सापडतील, डिस्क बिघडल्याचा मेल तुम्ही रोज बघता त्या पत्त्यावर येऊ द्या, आणि एक बाहेरची डिस्क ठेवा जिच्यावर कॉपी झाली की ती काढून ठेवली जाते. रेड म्हणजे बॅकअप नाही, ते फक्त एक डिस्क गेली तरी काम चालू ठेवतं.

आता मला तीन गोष्टी कळवा, जुनी डिस्क ३ सापडली का, डिस्क १ काही आवाज करत होती का, आणि क्रॅश झाल्यावर कुणी कुठलं बटण दाबलं का. स्मार्टचे आकडे असतील तर तेही पाठवा. डिस्क १ घरी वाचायची की लॅबला, ते त्यावरून लगेच सांगतो, तोवर मशीन बंदच राहू द्या.